किलिमांजारो आणि मग सेरेंगेटी: दिवस कुठे खर्चायचे

टांझानियातल्या किलिमांजारोची चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'सहा दिवसांत ट्रेक होईल का?' असा असतो. होतो. मरांगूच्या वाटेने पाच दिवसांतसुद्धा नेतात. पण अर्ध्यातून परतणाऱ्यांपैकी बरेच जण पाय किंवा दम कमी पडला म्हणून परतत नाहीत. शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. मग सफारीतले एखादे अभयारण्य कमी करा, हॉटेल साधे घ्या, पण डोंगरावरचा दिवस कापू नका. आमचा हिशेब असा: लेमोशो वाटेने आठ दिवसांचा ट्रेक, एक पूर्ण दिवस विश्रांती, मग चार रात्रींची सफारी. विमानप्रवास धरून सोळा-सतरा दिवसांची रजा लागते.

रजेचा आणि ऋतूचा मेळ आधी घाला. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी तिकडच्या मोठ्या पावसात येते. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत जंगलातली वाट चिखलाची, वर बर्फ आणि शिखरावर ढग. त्या दिवसांत दर उतरतात ते उगाच नाही. दिवाळी नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस गाठतो. तो सहन होण्यासारखा असतो. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे खरे दिवस. गणपतीच्या सुमारास निघालात तर सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला, मारा नदीवर, विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप नदी ओलांडताना दिसू शकतात. फेब्रुवारीत तेच कळप दक्षिणेला न्दुतूच्या गवताळ पठारावर असतात आणि तिथे पिलांचा जन्म चाललेला असतो. म्हणजे सफारीचा मुक्काम कुठे करायचा हे महिना ठरवतो, माहितीपत्रक नाही.

पैशांचे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे. आमच्या हिशेबातले दर असे: उद्यानाचे शुल्क माणशी रोज ७० डॉलर, तंबूच्या मुक्कामाचे रात्री ५० आणि बचाव शुल्क २०. आठ दिवस आणि सात रात्रींचे मिळून ९३० होतात. त्यावर १८ टक्के कर धरला की जवळजवळ ११०० डॉलर नुसते सरकारजमा. दर बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ताजे पाहून घ्या. आता कुणी आठ दिवसांचा ट्रेक १५०० डॉलरना देत असेल तर उरलेल्या चारशेत गाइड, कुक, पोर्टर, जेवण, तंबू आणि गाड्या कशा बसतात? बसत नाहीत. कात्री पोर्टरच्या मजुरीला आणि जेवणाला लागते. सहा जणांच्या गटामागे सगळी मिळून वीसच्या आसपास माणसे डोंगरावर असतात. पोर्टरच्या डोक्यावरचे ओझे २० किलोंच्या आत हवे असा नियम आहे आणि गेटवर वजन होते. तुमच्या डफल बॅगला त्यातले १५ किलो मिळतात. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था मजुरी नीट देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. कंपनी निवडताना आम्ही पहिली चाळणी तीच लावतो.

विमा काढताना उंचीची अट वाचा. बऱ्याच प्रवासविम्यांत ३००० किंवा ४५०० मीटरच्या वर संरक्षण नसते. ६००० मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरून, असे दोन्ही स्पष्ट लिहिलेले हवे. मुंबईहून बहुतेक विमाने अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात आणि इथिओपिया व केनिया पीतज्वराच्या यादीत आहेत. परतताना लसीचा दाखला नसेल तर विलगीकरणात सहा दिवस जाऊ शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. केंद्रांवर तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम तिकिटाबरोबरच उरकावे.

सामानात एक नियम: ज्याच्यावाचून ट्रेक होणार नाही ते विमानात स्वतःजवळ. बूट पायात, एक थर्मल जोड, डाउन जॅकेट आणि औषधे केबिनमध्ये. जोडविमानात बॅग मागे राहणे हे या प्रवासात नवलाचे नाही, आणि ट्रेकच्या सकाळी गट थांबत नाही. स्लीपिंग बॅग, काठ्या, जाड जॅकेट मोशी गावात भाड्याने मिळतात. उणे १५ अंशांपर्यंतची स्लीपिंग बॅग मागा आणि तिची चेन तिथेच दोनदा लावून पाहा. बूट मात्र भाड्याचे घालू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा कपडे ड्राय बॅगमध्ये किंवा कापडी पिशव्यांत भरा. विकतच्या पाण्याच्या पातळ बाटल्याही डोंगरावर नेऊ देत नाहीत.

तयारीबद्दल सह्याद्रीतल्या लोकांचा एक गैरसमज असतो. दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस उंचीला तयार झालेला नसतो, तो फक्त चालायला तयार असतो. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि किलिमांजारो उतरल्यावर ज्या म्वेका गेटवर आपण बाहेर पडतो ते जवळजवळ त्याच उंचीवर आहे. आपल्या डोंगरांतून घेण्यासारखे आहे ते उतरणे. समिटच्या, म्हणजे शिखर गाठण्याच्या दिवशी ५८९५ मीटरवरून सुमारे ३१०० मीटरवर यायचे असते. सिंहगडाची आतकरवाडीची वाट सहाशे मीटरच्या आसपास धरली तर एका दिवसात साडेचार सिंहगड उतरायचे झाले. गुडघे तिथे बोलतात. म्हणून सात-आठ किलोंची सॅक घेऊन उतरण्याचा सराव करा, काठ्यांसह.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते घेऊ नये. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. घरी दोन दिवस घेऊन पाहिलेले बरे. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. हे सगळे अपेक्षितच आहे, पण पहिल्यांदा डोंगरावर जाणवले तर माणूस घाबरतो. गोळी उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, उंची लपवत नाही. डोके दुखतेय म्हणून वेदनाशामक घेऊन पुढे चढणे मात्र लपवणेच आहे. गाइडला न सांगता ते करू नका.

लेमोशोचे पहिले तीन दिवस सोपे असतात. लोंडोरोसी गेटवर नोंदणी आणि वजनकाट्याचा गोंधळ यांत अर्धा दिवस जातो. मग जंगलातून म्टी म्कुब्वाचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी झुडपांतून वर येत शिरा १, तिसऱ्या दिवशी पठारावरून शिरा २. आता आपण ३८५० मीटरच्या आसपास असतो. पाट्यांवरचे, नकाशांवरचे आणि मनगटावरच्या घड्याळाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर वाद घालू नये. या तीन दिवसांत सवय लावायची ती संथ चालण्याची. बोलता बोलता चालता आले पाहिजे; वाक्य तुटायला लागले की वेग जास्त झाला. रोज तीन ते चार लिटर पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ गाइड बोटाला ऑक्सिमीटर लावून नाडी आणि प्राणवायू लिहून घेतो. तो आकडा एकटा फसवा असतो. बोटे गार असली तर कमी दाखवतो, आणि साडेचार हजारांच्या वर ८० ते ८५ असूनही माणूस ठणठणीत असतो. भूक, झोप, डोके, उलटी आणि तोल हे पाच प्रश्न त्याहून महत्त्वाचे. त्यांची उत्तरे खरी द्यावीत.

चौथा दिवस सगळ्या ट्रेकचा कणा आहे. शिरा २ वरून सुमारे ४६३० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचे, तिथे जेवायचे, आणि मग ३९६० मीटरच्या आसपास बरांकोला झोपायला उतरायचे. दिवसभर चढून मुक्काम जवळजवळ सकाळच्याच उंचीवर. नवख्यांना ही मेहनत फुकट गेल्यासारखी वाटते, पण शरीर याच दिवशी कामाला लागते. लाव्हा टॉवरवर डोके दुखणे, जेवण न जाणे हे सर्रास होते आणि बरांकोला उतरताच बहुतेकांचे ओसरते. ओसरले नाही तर ती खूण गंभीर धरा. वर तासभर तरी थांबावे. थंडी वाजते म्हणून दहा मिनिटांत खाली पळणारे गट त्या दिवसाचा निम्मा फायदा घालवतात.

बरांकोची भिंत म्हणजे अडीचशे मीटरचा कातळ. फोटोत भीषण दिसतो. हरिहर किंवा कलावंतीण केलेल्यांना त्यात काही नवीन नाही. हात लावावे लागतात, दोर लागत नाही. काठ्या मिटून सॅकला बांधायच्या आणि डोक्यावर सामान घेतलेले पोर्टर आले की स्वतः कायम कातळाच्या बाजूला थांबून त्यांना वाट द्यायची. पुढे करांगा. इथे मुक्काम करणे हाच तो जादा दिवस, जो सहा दिवसांच्या ट्रेकमध्ये उडवलेला असतो. तिथल्या दरीतले पाणी हे शेवटचे पाणी. वरच्या बराफूच्या मुक्कामासाठी पोर्टर इथून पाणी वाहून नेतात, तेव्हा बराफूला तोंड धुवायला गरम पाणी मागू नये.

खाण्याबद्दल दोन शब्द. कुक शाकाहारी स्वयंपाक चांगला करतात: सूप, भात, कोबी, घेवड्याची उसळ, बटाटे, आणि चपाती तर तिथलीच. अडचण पदार्थांची नसते, चार हजारांच्या वर जिभेला काहीच नको होते. तेव्हा आपले चार जिन्नस उपयोगी पडतात. मऊ भातावर मेतकूट आणि चमचाभर तूप बहुतेकांच्या पोटात जाते. लिंबाचे लोणचे, खाकरे, शेंगदाण्याचे लाडू चालतात. चिक्की समिटच्या रात्री दगड होते. खायचीच तर आतल्या खिशात ठेवा.

बराफूला दुपारपर्यंत पोहोचायचे, जेवून आडवे व्हायचे. झोप लागत नाही आणि त्याने बिघडत नाही. अकराला चहा-बिस्किटे, बाराच्या सुमारास निघणे. पायांत थर्मल, फ्लीसची पँट आणि वर वारा अडवणारी. अंगात थर्मल, फ्लीस, डाउन आणि वर वारारोधक. हातमोजे दोन, आतले पातळ आणि बाहेरचे पिशवीसारखे, एकत्र बोटांचे. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच सगळे चढवले तर घाम येतो, आणि पहाटे तोच घाम उणे १५ मध्ये गोठवतो. पाण्याच्या पिशवीची नळी तासाभरात गोठते. म्हणून रुंद तोंडाच्या बाटल्यांत कोमट पाणी भरून, मोज्यात घालून, उलट्या ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि बूच मोकळे राहते. हेडटॉर्चचे जादा सेल आणि फोन अंगालगत.

वाट नागमोडी, घसाऱ्याची. बाराशे मीटरचा चढ सहा ते आठ तासांत होतो. पाऊल टाकले की मागचा पाय क्षणभर सरळ करून त्यावर भार द्यायचा, श्वास, मग पुढचे पाऊल. थांबे तासाला एक, पाच मिनिटांहून कमी, शक्यतो उभ्याने. बसलेल्याला झोप येते आणि उठवणे अवघड जाते. पहाटे तीन ते पाच हा सर्वांत वाईट काळ. अंग गार, उजेड लांब आणि घड्याळ हलत नाही. दमणे आणि आजारी पडणे यांतला फरक इथे कळायला हवा. दमलेला माणूस थांबल्यावर सावरतो. बसल्याजागी धाप लागत असेल, खोकला ओला झाला असेल, सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालता येत नसेल, बोलणे असंबद्ध होत असेल, तर फुफ्फुसात किंवा मेंदूत सूज येत आहे. त्यावर उपाय एकच, लगेच खाली. सकाळपर्यंत वाट पाहणे नाही, हेलिकॉप्टरच्या भरवशावर राहणेही नाही. ते रात्री आणि ढगात येत नाही. गाइड 'खाली' म्हणाला की पैशांची भाषा काढू नये.

स्टेला पॉइंटला कड्यावर पोहोचलो की चढ जवळजवळ संपतो. साडेसहाच्या आसपास सूर्य येतो, पूर्वेला मावेन्झीचे सुळके दिसतात. तिथून उहुरू, म्हणजे सर्वोच्च टोक, पाऊण ते एक तास. डावीकडे हिमनद्यांचे उरलेले तुकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होते त्यांतले फारच थोडे आता शिल्लक आहे. शिखरावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याने मिळतो. पाटीजवळ फोटोसाठी रांग असते. दहा-पंधरा मिनिटांत निघावे.

उतरताना घसाऱ्यावर टाच रोवून घसरत येता येते. गेटर (बुटावरून पिंडरीवर चढवायचे आवरण) नसतील तर बुटांत खडी भरते, आणि नखे कापलेली नसतील तर अंगठ्याची नखे काळी पडतात. बराफूला तासभर विश्रांती, जेवण, मग म्वेकाचा मुक्काम. थकल्या पायांनी इथेच घोटे मुरगळतात. दुसऱ्या सकाळी बक्षिशीचा कार्यक्रम. आठ दिवसांचे माणशी २५० ते ३०० डॉलर धरून गटाने रक्कम आधी एकत्र करावी आणि कुणाला किती हे सगळ्या पोर्टरसमोर मोठ्याने सांगावे. एकाच पाकिटात घालून एकाच्या हाती दिली तर खालपर्यंत किती पोहोचते ते कळत नाही. नोटा नव्या छपाईच्या, न फाटलेल्या. जुन्या डॉलरच्या नोटा तिकडे कुणी घेत नाही.

सफारी आधी की नंतर? आमचे मत ठाम आहे: नंतर. सफारीत धूळ, बाहेरचे जेवण, पहाटेचे उठणे. घसा किंवा पोट बिघडले तर ट्रेक गेला. न्गोरोन्गोरोच्या कड्यावर सुमारे २३०० मीटरवर झोपल्याने उंचीची सवय होते असे सांगतात, पण तेवढ्याने काही साधत नाही. उलट ट्रेकनंतर पायांना बसायलाच हवे असते. मात्र मध्ये एक दिवस सोडा. कपडे धुऊन वाळतात, पावलांची सूज उतरते, भाड्याचे सामान परत जाते. डाउन जॅकेट मात्र जवळ ठेवा. न्गोरोन्गोरोच्या कड्यावर रात्री चांगली थंडी असते.

सफारीत नियम उलटतात. डोंगरावर दिवस विकत घ्यायचे असतात, इथे तास. सेरेंगेटीच्या परवान्याचे २४ तास नाबी हिल गेटवर मोजले जातात आणि उशीर झाला तर आणखी एका दिवसाचे शुल्क बसते. चार रात्रींत पाच उद्याने दाखवणारा कार्यक्रम म्हणजे पाच गेटांवरच्या रांगा. आम्ही तीनच घेतो: तरांगिरे एक रात्र, सेरेंगेटीत सेरोनेराला दोन, न्गोरोन्गोरोच्या कड्यावर एक. कारातू सोडून लोडुआरे गेट ओलांडले की डांबर संपते आणि सेरोनेरापर्यंत हाडे खिळखिळी करणारा धुळीचा रस्ता. चश्मा वापरणाऱ्यांनी त्या दिवशी लेन्स लावू नयेत.

तरांगिरेत जून ते ऑक्टोबर हत्तींचे मोठे कळप नदीवर येतात, आणि हत्तींनी साली सोललेल्या गोरखचिंचा जागोजागी उभ्या असतात. इथे त्से त्से माशी चावते, कपड्यातूनही. तिला गडद निळा आणि काळा रंग ओढतो, म्हणून खाकी किंवा मातकट कपडे. जीनची पँट नकोच.

गाडी छत उघडणारी लँड क्रूझर, प्रत्येकाला खिडकी मिळेल इतकीच माणसे. दुर्बीण माणशी एक, ८ बाय ४२ ची. जोडप्यात एकच दुर्बीण असेल तर बिबट्या नेहमी दुसऱ्याच्या पाळीला झाडावरून उतरतो. कॅमेऱ्याला टेकू म्हणून रिकामी कापडी पिशवी न्या आणि आरुषा शहरात दोन किलो तांदूळ भरून घ्या. फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा; गाडीच्या थरथरीने लांब लेन्सचे फोटो हलतात. गाडीत लेन्स बदलू नका. आणि चालकाला 'सिंह दाखवा' म्हणून पळवू नका. वायरलेसवर बातमी आली की वीस गाड्या एका झाडाखाली जमतात. त्यापेक्षा पाणवठ्यावर तासभर थांबू द्या म्हटले की चांगल्या चालकाचा चेहराच बदलतो. सेरोनेरा परिसरात रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे. त्याला भरीस पाडले तर दंड आणि बंदी त्याच्या वाट्याला येते. कॅम्पला कुंपण नसते. अंधारानंतर तंबूतून टॉर्च हलवायचा, पहारेकरी न्यायला येतो.

न्गोरोन्गोरोच्या विवरात सकाळी सहाला गेट उघडताच उतरावे. विवरात उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला २५० डॉलर आणि वर कर असे वेगळे शुल्क आहे, म्हणून इथे गाडी भरलेली असणे परवडते. तळ साधारण २६० चौरस किलोमीटर. सिंह, तरस, रानम्हशी भरपूर, काळा गेंडा लांबून, दुर्बिणीतून. जिराफ शोधू नका, कडे इतके उभे आहेत की तो खाली उतरत नाही. जेवणाच्या तळ्याकाठी घारी हातातले सँडविच पळवतात. डबा गाडीतच उघडा.

मलेरियाच्या गोळ्यांचा गोंधळ जोडप्रवासातच होतो. मोशी आणि आरुषात डास आहेत, वर डोंगरावर नाहीत, म्हणून काही जण मधले आठ दिवस गोळ्या बंद ठेवतात. तसे करू नका. अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस रोज घ्यायचे. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे, आणि त्याने ऊन जास्त बाधते, म्हणून बर्फाच्या उंचीवर ते आम्हाला गैरसोयीचे वाटते. घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर तो फ्लू समजू नका. डॉक्टरांना आधी टांझानियाचे नाव सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.